नरसाबाईचा खाडा नाही

मंगळवार-शुक्रवार, दुपारी तीन.
साखर पेठेतल्या वाचनालयात
वर्तमानपत्रांचं टेबल आम्ही भिंतीला सरकवतो,
उन्हाच्या बाजूचे पडदे ओढतो
(पडदे कसले, दोन जुन्या चादरी, मोर उलटे)
आणि फळ्यावर मी तारीख लिहिते.
पंधरा वर्षं याच टेबलाशी
पुस्तकं दिली, घेतली, उशिराचा दंड मागितला.
शिकवायचा हुकूम निघाला गेल्या दिवाळीनंतर.
पगारात फरक नाही.

अकरा जण येतात. कधी सात.
गुर्रममामा चादरीच्या मागाची कार्डं पाडायचे,
पुठ्ठ्याला भोकं: भोक म्हणजे दोरा वर, नाही तर खाली.
त्यांनी 'अ' आलेखाच्या कागदावर काढून आणला,
चौकटी मोजून.
"अठ्ठावीस कार्डांत बसतो बाई तुमचा अ.
पण ते पोट मागाला झेपायचं नाही."
खतीजाबी वही मागच्या पानापासून लिहितात.
लहानपणी दोन वर्षं उर्दू शाळा, हात तिकडूनच निघतो.
तपासायला मी वही उलटी धरते.
आता माझीही सवय झाली.

नरसव्वा आली ती वाचायला नाही.
बँकेतल्या यंत्राला तिचा अंगठा दिसेना.
चाळीस वर्षं विडीचं पान दुमडून दुमडून
रेघाच गेल्या.
"माणूस म्हणला, अम्मा, सही करा.
मी म्हणलं, अंगठाच की माझी सही."
खडू ती विडीसारखा धरायची,
दोन बोटांत फिरवून, टोक दाबून,
पाटीवर काही उमटायच्या आत
खडूचं तोंड बंद.
'न'ला चार दिवस. 'र'ला एक.
'व्वा'पाशी अख्खा श्रावण गेला.
अर्धा व, मग पुरा व.
"एकाच कट्ट्यात आखूड विडी नि लांब?"
म्हटलं, हो, तसंच धरा.

परवा पिशवीतून तिनं मजुरीची वही काढली,
कारखान्याची, जुनी. कडा खाल्लेल्या,
तंबाखूचा वास मात्र आजचा.
सगळ्यांसमोर उघडली,
पहिल्या ओळीवर बोट ठेवलं,
ओठ हलवत गेली:
न. र. सा.
थांबली.
बा. ई.
पुन्हा मागं आली, पुन्हा गेली.
"बाई, ही कोण?"

मी पाहिलं. कारकुनाचं वळणदार अक्षर.
त्याला 'व्वा' ऐकू आला नसेल,
किंवा त्याच्या गावी सगळ्याच बाया बाई असतील.
पान उलटलं. नरसाबाई.
उलटलं. नरसाबाई.
विड्या हजार, छाट साठ. विड्या हजार, छाट चाळीस.
आणि प्रत्येक आठवड्याखाली निळा अंगठा.
रेघा होत्या तेव्हा. मी नीट बघितल्या.

लाल पेन पुढे केलं.
करा की दुरुस्त, आता येतंय तुम्हाला.
पंख्याचा खडखडाट तेवढा.
खतीजाबींनी शेवटच्या, म्हणजे पहिल्या, पानावरून मान वर केली.
नरसव्वा पानं चाळत राहिली.
आकडे तिला आधीपासूनच येतात,
आकड्यांसाठी ती माझ्याकडे आलीच नव्हती.
मग म्हणाली,
"राहू द्या.
चांगली होती बाई.
वर्षात एक खाडा नाही तिचा,
गड्ड्याच्या जत्रेलासुद्धा नाही.
तिला बोलवायला पाहिजे होतं इथं."

गुर्रममामा हसले, मग सगळेच.
ती उशिरानं हसली, वही पिशवीत घातल्यावर.

जाताना सभासदाचा फॉर्म मागितला.
उभ्यानंच, खिडकीच्या कट्ट्यावर, स्वतः लिहिला.
अक्षरं मोठी, रकाना लहान:
'नरस' नावात मावलं,
'व्वा' शेजारी गेला,
'व्यवसाय' लिहिलंय तिथं.
मी तसाच शिक्का मारला.

शुक्रवारी 'क्ष' आहे.
गुर्रममामा म्हणतात,
त्याला पन्नास कार्डं तरी लागतील.